मोहटोळ, करंज आणि जुनं लिस्टर: कमी फेऱ्यांचं इंजिन वनस्पती तेलावर चालवायचं असेल तर

विदर्भातल्या बऱ्याच गावांत जुन्या भात गिरणीच्या शेडमध्ये किंवा विहिरीकाठच्या टिनाखाली एखादं मोठ्या फ्लायव्हीलचं डिझेल इंजिन उभं असतं. लाइन आली, मोटारी बसल्या आणि ही इंजिनं बाजूला पडली. बहुतेक इंजिनांत फार बिघाड नसतो. डिझेल परवडेनासं झालं, म्हणून ती बंद पडली. इंग्लंडमधल्या डर्सलीच्या लिस्टर कंपनीने 1930 च्या आसपास जो नमुना बाजारात आणला, तोच पुढे राजकोटच्या कारखान्यांनी वर्षानुवर्षं ओतला. एक सिलिंडर, सहा हॉर्सपॉवर आणि मिनिटाला 650 फेरे. गावात सगळेच त्याला ‘लिस्टर’ म्हणतात, मग प्लेटीवर नाव कोणाचंही असो.

हे इंजिन वनस्पती तेलावर चालतं. यात नवल काही नाही. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं, आणि रुडॉल्फ डिझेलने स्वतः त्याची नोंद केली आहे. आपल्या यवतमाळच्या सीमेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यात आदिवासी गावांनी करंजीच्या तेलावर जनित्रं चालवून घरात दिवे लावले आहेत.

पण एक गोष्ट आधीच सांगतो. इंजिन तेलावर चालू झालं म्हणजे काम जमलं, असं समजू नका. चांगल्या स्थितीतलं गरम लिस्टर पहिल्या तासाला जवळपास कोणतंही गाळलेलं तेल पचवतं. नुकसान दिसतं ते शंभर-दोनशे तासांनी. नोझलवर काजळी चढते, रिंगा खाचेत चिकटतात, चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळातलं वंगणाचं ऑइल घट्ट होतं. पुढचं सगळं लिहितो आहे ते या शंभर तासांच्या पुढे इंजिन टिकावं म्हणून.

तेल त्रास का देतं

वनस्पती तेल डिझेलपेक्षा खूप दाट असतं. 40 अंशाला डिझेलची दाटी 2 ते 4.5 सेंटिस्टोक भरते, तर बहुतेक तेलांची 30 ते 40. नोझलमधून डिझेलचा धुक्यासारखा फवारा निघतो, तिथे थंड तेलाचे जाड थेंब निघतात. थेंब जाड असला की तो पूर्ण जळायच्या आत सिलिंडरच्या भिंतीवर किंवा पिस्टनवर आदळतो. अर्धं जळालेलं तेल तिथेच भाजून कडक होतं, आणि न जळालेलं रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. सगळ्या रोगांचं मूळ हेच आहे. तेल 80-90 अंशांपर्यंत तापवलं की दाटी 10 ते 13 च्या आसपास येते. ती डिझेलइतकी होत नाही, पण या इंजिनाला तेवढी चालते.

कमी फेऱ्यांचा फायदा इथे होतो. 650 फेऱ्यांना जळायला जो वेळ मिळतो, तो 1500 फेऱ्यांच्या इंजिनापेक्षा दुपटीहून जास्त असतो. म्हणून सहाशे-आठशे फेऱ्यांचं जड इंजिन असेल तरच या वाटेला जा. 1500 फेऱ्यांचं हलकं पंपसेट इंजिन फार तर वीस टक्के मिश्रणावर ठेवा. ट्रॅक्टरचा फिरता (रोटरी) फ्युएल पंप आणि हल्लीची कॉमन रेल इंजिनं यांना कच्चं तेल अजिबात दाखवू नका.

आणखी एक भेद बघा. जुन्या मूळ लिस्टरच्या हेडमध्ये ज्वलनासाठी वेगळी छोटी कोठी होती, आणि तशी इंजिनं तेल जास्त सहन करतात. आपल्याकडे मिळणारी बरीचशी राजकोटची इंजिनं थेट पिस्टनवर फवारा मारणारी आहेत. त्यांत काजळी लवकर धरते. हेड उघडलं तर मेकॅनिककडून खात्री करून घ्या.

आधी इंजिन तपासा. डिकम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा दांडा) खाली ठेवून फ्लायव्हील हाताने कम्प्रेशनवर आणा आणि सोडा. चाक दाब खाऊन मागे उसळलं पाहिजे. नुसतं फुसकन पुढे गेलं तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेले आहेत. असं इंजिन तेलावर टाकलं तर तेल सरळ चेंबरमध्ये उतरतं. रिंगा बदला, व्हॉल्व्ह घासून घ्या, नोझल टेस्टरवर दाखवा आणि मगच पुढचा विचार करा.

कोणतं तेल

तेल हवेत सुकून पापडीसारखं घट्ट होतं की नाही, हा पहिला प्रश्न. ते आयोडीन मूल्यावरून कळतं. आकडा जितका मोठा, तितकं तेल लवकर सुकतं आणि इंजिनात तितकी चिकट वार्निश धरते. जवस 170 च्या वर जातं. रंगात आणि वार्निशमध्ये जवस वापरतात ते याच गुणामुळे, आणि इंजिनासाठी ते विष आहे. करडई 140 च्या आसपास, सोयाबीन 120 ते 140. ही दोन्ही कच्ची वापरू नयेत, असं माझं मत आहे. सरकी 100 ते 115, म्हणजे मधली. करंज 80-90 च्या घरात आणि मोहटोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल 60 ते 70. आपल्या भागातली इंजिनाला सगळ्यात मानवणारी तेलं ही शेवटची दोन.

मोहाच्या तेलात दोन अडचणी आहेत. थंडीत ते गोठतं. डिसेंबरच्या सकाळी नागपूर-गोंदियाकडे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा डबा उलटा केला तरी तेल हलत नाही. दुसरी अडचण आंबटपणाची. मोहटोळ वेचायला आणि पाऊस पडायला एकच गाठ पडते. ओल्या जागी राहिलेल्या टोळीला बुरशी येते आणि तेलात मोकळं आम्ल वाढतं. हे आम्ल फ्युएल पंपाचा प्लंजर खातं. टोळ फोडून, गर कडक वाळवून लगेच घाणीवर नेली तर तेल बरंच चांगलं निघतं. आणि ज्या घरात मोहाचं तेल खाण्यात आहे, तिथे ते इंजिनात घालू नये. कढईतलं तेल जाळून पाणी उपसण्यात काय फायदा?

करंज मात्र कडू आहे, खात नाही, ढोरंही त्याच्या वाटेला जात नाहीत. नाल्याकाठी आणि रस्त्याकडेला झाडं आहेत, आणि शेंगा उन्हाळ्यात वावरात काम नसतं तेव्हा वेचता येतात.

तिसरा पर्याय म्हणजे धाब्यांवरचं, भज्यांच्या गाड्यांवरचं आणि लग्नातल्या आचाऱ्यांकडचं वापरलेलं तेल. तेलातली ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांवर गेली की ते पुन्हा खाण्यात वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. ते नाल्यात किंवा परत कढईत जाण्यापेक्षा इंजिनात गेलेलं चांगलं. त्यात बरचसं पाम असतं. ते सुकत नाही, पण मोहासारखंच गोठतं. मीठ, पाणी आणि बेसनाचा गाळ काढायची मेहनत जास्त लागते.

मोगली एरंडाचं (जट्रोफा) नाव अजूनही निघतं. 2003 नंतर त्याचा फार गाजावाजा झाला, रोपं वाटली गेली, पण कोरड्या पडीक जमिनीवर सांगितलेलं उत्पन्न आलं नाही. नव्याने त्याची लागवड करू नका. बी विषारी आहे, लेकरं खातात.

हिशोब

खाण्याचं तेल विकत घेऊन जाळणं परवडत नाही, ते डिझेलपेक्षा महाग आहे. करंजीचा हिशोब बारकाईने बघा. केंद्राने 2020 मध्ये करंज बियांचा हमीभाव किलोला 22 रुपये ठरवला, मोहाच्या बियांचा 29. एक्सपेलरवर करंजीच्या शंभर किलो बियांतून साधारण पंचवीस किलो तेल येतं. म्हणजे 22 च्या भावाने बी विकत घेतलं तर नुसत्या बियांचेच एका किलो तेलामागे 88 रुपये झाले, वर घाणीची मजुरी. उरलेल्या पेंडीची किंमत वजा करा. करंजीची पेंड खत म्हणून आणि वाळवीवर चांगली चालते, ढोरांना मात्र घालू नका. तरी डिझेलच्या तुलनेत हाती फार काही उरत नाही. बी स्वतः किंवा गटाने वेचलं आणि गावातच घाणी असली, तरच यात पैसे आहेत. शिवाय वजनामागे तेलात डिझेलपेक्षा दहा-बारा टक्के कमी उष्णता असते, त्यामुळे खप थोडा वाढतो. पूर्ण लोडवर सहा हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन तासाला सव्वा ते दीड लिटर खातं, हे धरून चाला.

तेल साफ करणं

घाणीतून निघालेलं ताजं तेल सरळ टाकीत घालू नका. त्यात चोथा असतो, पाणी असतं आणि डिंकासारखा चिकट भाग असतो, जो गाळणीतून निघत नाही. हा चिकट भाग असा काढा: तेल 70 अंशांपर्यंत तापवा, शंभर लिटरला तीन लिटर या प्रमाणात गरम पाणी घाला, वीसेक मिनिटं हळू ढवळा आणि रात्रभर ठेवा. खाली राखाडी साका बसतो, तो तोटीने काढून टाका. मग तेल 105-110 अंशांवर नेऊन बुडबुडे थांबेपर्यंत तापवा, म्हणजे उरलेलं पाणी उडतं. हे काम उघड्यावर करा आणि भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका. पाणी असलेलं तेल उसळून चुलीवर सांडतं.

त्यानंतर पिंपात दोन-तीन आठवडे स्थिर ठेवा. पिंपाची तोटी तळापासून वीतभर वर असावी. तिथून निघेल ते आधी जाड कापडातून, मग पाच मायक्रॉनच्या गाळणी पिशवीतून गाळा. पाणी उरलंय का हे बघायला एक चमचा तेल तापलेल्या तव्यावर टाका. तडतडलं तर परत तापवा.

आंबटपणा मोजायची पद्धत सोपी आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवा. वेगळ्या बाटलीत दहा मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, त्यात चिमूटभर हळद आणि एक मिली तेल घालून हलवा. आता सोड्याचं पाणी सिरिंजने थेंब थेंब घाला. पिवळा रंग लालसर होऊन टिकला की थांबा. जितके मिली लागले, त्या प्रत्येक मिलीमागे तेलात साधारण पाऊण टक्का मोकळं आम्ल आहे. तीन मिलीच्या वर गेलं तर ते तेल मी इंजिनात घालणार नाही, साबण करणाऱ्याला देईन. तेलाच्या चिंध्या शेडमध्ये ढीग करून ठेवू नका. जवसासारख्या सुकणाऱ्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेट घेतात.

दोन टाक्या आणि गरम करण्याची जोडणी

इंजिन डिझेलवर सुरू करायचं, गरम झालं की तेलावर घ्यायचं, बंद करण्याआधी परत डिझेलवर आणायचं. त्यासाठी दोन टाक्या आणि एक तीन तोंडांचा कॉक लागतो. बहुतेक लोक कॉक टाकीजवळ लावतात. ते चुकीचं आहे. फिल्टरच्या भांड्यात अर्धा लिटर तेल साठलेलं असतं, आणि तासाला सव्वा लिटर खपाने ते संपायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. डिझेलला एक फिल्टर आणि तेलाला वेगळा मोठा फिल्टर लावा, आणि कॉक दोन्ही फिल्टरांच्या पुढे, फ्युएल पंपाच्या अगदी जवळ बसवा. मग नळीत थोडंसंच तेल उरतं आणि पाच मिनिटांत लाइन धुतली जाते.

तेलाची टाकी पंपाच्या तीन-चार फूट वर असावी आणि नळी किमान अर्ध्या इंचाची. तांब्याची नळी वापरू नका, तांब्याच्या संगतीने तेल लवकर घट्ट होतं. गॅल्व्हनाइज्ड पत्राही टाळा. टाकी आणि नळी साध्या लोखंडाची किंवा स्टीलची ठेवा. नोझलच्या गळतीची परतीची नळी डिझेलच्या टाकीत सोडू नका, ती तेलाच्या टाकीत किंवा वेगळ्या बाटलीत सोडा.

तेल दोन टप्प्यांत गरम करा. इंजिनातून निघणारं गरम पाणी तेलाच्या टाकीतल्या लोखंडी कॉइलमधून फिरवा, त्याने तेल 50-60 अंशांवर येतं आणि गोठलेलं मोहाचं तेलही वितळतं. मग पंपाआधीची शेवटची दीड-दोन फूट लोखंडी नळी सायलेन्सरच्या पाइपला समांतर न्या. चिकटवू नका, दोन बोटं अंतर ठेवा आणि दोन्हीवर मिळून पत्र्याचं आवरण घाला. नळीवर थर्मामीटर बांधा. पंपाजवळ 75 ते 85 अंश मिळाले की जोडणी बरोबर आहे. जास्त होत असेल तर नळी लांब सरकवा.

थंड पाण्याचं दुखणं

पाण्याचा पंप चालवणाऱ्या इंजिनांचा मोठा दोष इथे आहे, आणि तो कोणी बघत नाही. पंपाच्या डिलिव्हरीतून अर्ध्या इंचाची नळी काढून विहिरीचं थंड पाणी सरळ सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमध्ये सोडलेलं असतं. बाहेर पडणारं पाणी कोमट, इंजिन कधी तापत नाही, आणि मालक खूश. डिझेलवर हे कसंबसं खपतं. तेलावर मात्र थंड सिलिंडरच्या भिंतीवर तेल जळत नाही, ओघळून खाली जातं. त्या नळीवर एक गेट व्हॉल्व्ह बसवा आणि बाहेर पडणारं पाणी 75 ते 80 अंशांवर येईपर्यंत तो आवळा. पूर्ण बंद करू नका आणि गरम इंजिनात एकदम थंड पाणी सोडू नका, हेड तडकतं. दोनशे लिटरच्या ड्रमची, पाणी आपोआप फिरणारी जोडणी असेल तर ती सगळ्यात उत्तम. एवढा एक व्हॉल्व्ह बसवल्याने जितका फरक पडतो, तितका नोझल आणि फवाऱ्याच्या टायमिंगच्या खटपटीने पडत नाही.

चालवताना

पहिल्या दिवशी शुद्ध तेल नको. उन्हाळ्यात डिझेलमध्ये वीस टक्के तेल मिसळून काही दिवस चालवा, फिल्टर बघा, धूर बघा. मग दोन टाक्यांवर या.

रोजचा क्रम असा. डिझेलवर सुरू करा, लोड घाला, दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. पाणी 70 च्या वर आणि तेल 75 च्या वर गेलं की कॉक फिरवा. बंद करण्याआधी पाच-दहा मिनिटं परत डिझेलवर. मध्येच पट्टा तुटून किंवा दुसऱ्या कारणाने इंजिन तेलावरच बंद पडलं, तर तसंच हॅन्डल मारत बसू नका. फ्युएल पंपाचा युनियन (नळी जोडणारा नट) ढिला करून नळीतलं तेल काढा, डिझेल येऊ द्या, हवा काढा आणि मग सुरू करा.

लोडशिवाय तेल जाळू नका. भाताचा हलर, बांधीला पाणी देणारा मोठा पंप, थ्रेशर ही या इंधनाची कामं. सहा हॉर्सपॉवरवर निदान चार हॉर्सपॉवरचं काम असावं. चार बल्ब लावायला इंजिन तासनतास चालवायचं असेल तर ते डिझेलवरच चालवा. हलक्या लोडवर आतली उष्णता कमी पडते आणि काजळी दुप्पट वेगाने धरते.

गरम इंजिनातून पांढरा धूर येत असेल तर तेल न जळता जातंय. काळा धूर म्हणजे लोड जास्त किंवा नोझल खराब. फवारा तपासताना हात समोर धरू नका. त्या दाबाचं तेल कातडीतून आत शिरतं, बोट कापायची वेळ येते.

तपासणी

दर शंभर तासांनी नोझल काढा. टोकाभोवती फुलकोबीसारखा काजळीचा गड्डा दिसला, तर तेल थंड जातंय किंवा लोड कमी आहे. पितळी ब्रशने साफ करा, वायर ब्रशने छिद्रं बिघडतात. नोझल बसवताना तांब्याचा वॉशर नवा घाला. काही मेकॅनिक नोझलचं प्रेशर थोडं वाढवतात, फवारा बारीक होतो. टेस्टर असेल तर जरूर करा. टायमिंगला मात्र सुरुवातीला हात लावू नका.

चेंबरचं ऑइल डिझेलवर अडीचशे तास चालवत असाल तर तेलावर शंभर तासांत बदला. इथे काटकसर करू नका. ऑइलमध्ये उतरलेलं वनस्पती तेल काही काळ काहीच दाखवत नाही आणि मग थोड्याच तासांत सगळं ऑइल जेलीसारखं होतं. त्या दिवशी बेअरिंगं जातात. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली, बोटांत ऑइल चिकट तार धरू लागलं किंवा तळणाचा वास आला, तर तास मोजत बसू नका, त्याच दिवशी बदला.

बायोडिझेलबद्दल

तेलाचं बायोडिझेल केलं की दाटी 4 ते 6 वर येते. मग गरम करायची जोडणी आणि दोन टाक्या लागत नाहीत. कृती थोडक्यात अशी: कोरडं, कमी आम्लाचं तेल 55 अंशांवर, लिटरला 200 मिली मिथेनॉल आणि साडेतीन ग्रॅम कॉस्टिक सोडा. वर सांगितलेल्या चाचणीत जितके मिली लागले तितके ग्रॅम आणखी. तासभर ढवळायचं, रात्रभर ठेवायचं, खाली बसलेलं ग्लिसरीन काढायचं, वरचं पाण्याने धुऊन वाळवायचं. तीन मिली बायोडिझेल 27 मिली मिथेनॉलमध्ये घालून हलवा. तळाशी काही न बसता सगळं विरघळलं तर माल पक्का.

तरीही एकट्या कास्तकाराने घरी हे करू नये, असंच मी म्हणेन. मिथेनॉल कातडीतून आणि श्वासातूनही भिनतं, डोळे घेतं, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. ते विषारी द्रव्यांत मोडतं, त्याच्या खरेदीला आणि साठ्याला परवाना लागतो. आंबट मोहतेलाला आधी गंधकाम्लाची वेगळी प्रक्रिया द्यावी लागते, नाहीतर पिंपभर साबण तयार होतो. दहा-वीस कास्तकारांचा गट, वेगळी शेड आणि रसायन शिकलेला माणूस असेल तरच या कामात पडा. रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात मिळणारा माल तर घेऊच नका. शुद्ध बायोडिझेल वापरायचं ठरलं तर रबरी नळ्या आणि वॉशर आधी बदला, ते फुगून गळतात. जुन्या टाकीतला सगळा गंजही सुटून येतो, म्हणून पहिल्या महिन्यात दोन-तीन फिल्टर हाताशी ठेवा.

हंगाम संपल्यावर

भाताचं काम संपलं आणि इंजिन चार-सहा महिने उभं राहणार असेल, तर शेवटचा एक तास पूर्ण डिझेलवर लोड देऊन चालवा. तेलाची टाकी आणि फिल्टर रिकामे करा, तेलाच्या नळीत डिझेल भरून ठेवा. गरम इंजिनातच जुनं ऑइल काढून नवं भरा. जॅकेटमधलं पाणी सोडा. फ्लायव्हील हाताने फिरवून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी थांबवा आणि सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला, पावसाचं पाणी आत जायला नको. उरलेलं तेल काठोकाठ भरलेल्या, घट्ट झाकणाच्या पिंपात सावलीत ठेवा, आणि पुढच्या हंगामात वापरण्याआधी तव्यावरची आणि हळदीची चाचणी पुन्हा करा.